पाचशे फुटांवरचा अबोला

माझ्या नवऱ्यानं चोपन्नाव्या वर्षी विमान घेतलं. पूर्ण नाही, चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से एका डेंटिस्टकडे, एका रिटायर्ड पोलिसाकडे आणि एका प्लंबरकडे आहेत. प्लंबरचा घटस्फोट झालाय. चौघं मिळून त्या विमानाला ज्या मायेनं पुसतात ते एकदा पाहिलं, आणि घटस्फोट का झाला असेल ते मला न विचारता कळलं.

इथं अमेरिकेत, आमच्या वेस्ट विंडसरमधले बाकीचे नवरे पन्नाशीत काय करतात? मॅरेथॉन पळतात आणि गुडघे घालवतात. मागच्या अंगणात कार्ली लावतात आणि ती लोकांच्या गळ्यात मारत हिंडतात. मराठी मंडळाच्या नाटकात पोस्टमनचं काम करतात आणि वर्षभर त्याचा व्हिडिओ दाखवतात. हे सगळं त्रासाचंच आहे, पण यात कुणी आकाशातून खाली पडत नाही.

मी सुवर्णा. माहेर नागपूरचं, आणि राग आला की ते बाहेर येतं. नवरा अरुण, पुण्याचा, पण पुण्याचं नाव घालवणारा, कारण हा कुणाला उलट बोलत नाही. एच-वन व्हिसावर होता तेव्हा मॅनेजरला हो म्हणायचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत वकिलाला हो म्हणायचा. घरी मला हो म्हणायचा. नोकरी बदलायची नाही, गाव बदलायचं नाही, फाईल हलावी म्हणून आपण हलायचं नाही, अशात आमची उमेदीची वर्षं गेली. मग सिटिझनशिपची शपथ झाली आणि त्याच आठवड्यात हा माणूस जवळच्या छोट्या एअरपोर्टवर जाऊन फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घालून आला. मला विचारलं नाही, सांगितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मला भीती वाटते, ती लपवायचं काही कारण नाही. शनिवारी सकाळी तो उडायला गेला की परत येईपर्यंत मी घर पुसत हिंडते. आमच्या घराइतकं लखलखीत घर मंडळात कुणाचं नाही, आणि सगळ्यांना वाटतं मी हौशी आहे. मुलगा देव ॲन आर्बरला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणतो, "मॉम, स्टॅटिस्टिकली इट्स फाइन." ज्याच्या बापाचं काही जात नाही त्याला स्टॅटिस्टिक्स सुचतं. मला इतकंच दिसतं की एका शनिवारी फोन येईल, आणि मग त्या लखलखीत घरात मी एकटी.

शेवटी उन्हाळ्यात मी म्हटलं, "विक तो हिस्सा." या वेळी तो हो म्हणाला नाही. थोडा वेळ ताटातला भात कालवत बसला आणि म्हणाला, "एकदा माझ्याबरोबर चल. पेनसिल्व्हेनियात एक फ्लाय-इन आहे. एकच ट्रिप. आल्यावर तू विक म्हणालीस तर विकतो. प्रॉमिस."

मी लगेच कबूल झाले. एक दिवस जीव मुठीत धरायचा आणि जन्माची कटकट संपवायची, याहून स्वस्त सौदा मला सुचेना. काय बोलायचं ते माझं आधीच ठरलं होतं. ते त्यालाही माहीत होतं, तरी त्यानं विचारलं, हे मात्र मला जरा टोचलं.

फ्लाय-इन म्हणजे विमानवाल्यांचं हळदीकुंकू. शेताच्या मधोमध गवत कापून एक लांब पट्टी केलेली असते. तिथं आसपासच्या राज्यांतून लोक आपापली छोटी विमानं घेऊन उतरतात, पॅनकेक खातात, एकमेकांच्या विमानाभोवती फिरून माना डोलावतात आणि ऊन कलायच्या आत आपापल्या घरी जातात. वाण तेवढं मिळत नाही.

निघायच्या दिवशी अरुणनं मला वजन विचारलं. गवताची पट्टी आखूड आहे, हिशोब करावा लागतो म्हणे. मी खरं सांगितलं, मला कसली लाज? लाज त्याला वाटायला हवी होती, कारण मग त्यानं माझी डब्यांची पिशवी काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "एवढे नको गं. एकच ने." म्हणून सांबारवडीचा, म्हणजे आमच्या नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा घेतला आणि बाकीचे गाडीत ठेवले. नंतर त्यानं पंखाखालून एका नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडात धरून डोळे बारीक करून बघितलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जन्म काढला. कुणाचं सॅम्पल इतक्या आस्थेनं बघताना मी कुणालाही पाहिलेलं नाही.

पट्टे बांधून झाल्यावर त्यानं नियम सांगितला. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही. मोठमोठ्या विमानांतले पायलटही हा नियम पाळतात.

"मी बिनकामाचं बोलते का?" मी विचारलं.

"तसं नाही. पण एकही शब्द नको, सुवर्णा. प्लीज."

आता, आमची गाडी अरुण चालवतो, पण ती रस्त्यावर राहते माझ्या तोंडामुळे. सिग्नल, ट्रक, एक्झिट, शेजारच्या लेनमधला फोनवर बोलणारा बावळट, सगळं मी सांगते. इतक्या वर्षांत आमच्या गाडीला ओरखडा नाही. याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही, मी मागितलेलंही नाही. तरी मी ओठ मिटले. प्रॉमिस माझ्या फायद्याचं होतं.

आणि वर गेल्यावर मला आवडलं. हे मी त्या दिवशी कबूल केलं नसतं. खाली डेलावेअर नदी सकाळच्या उन्हात चमकत होती, मग शेतं, मग पेनसिल्व्हेनियाचे ते लांबच लांब डोंगर एकापुढे एक. त्याहून नवल अरुणचं होतं. रेडिओवर तो ठणठणीत आवाजात बोलत होता, पलीकडचा गोरा माणूस "थँक यू, सर" म्हणत होता आणि याला त्याचं काही वाटत नव्हतं. ऑफिसच्या कॉलवर हाच माणूस "सॉरी, जस्ट टू ॲड" म्हणून सुरुवात करतो. मी दोनतीनदा वळून बघितलं, आपलाच आहे ना.

सगळं बिघडलं उतरताना. गवताची पट्टी समोर आली आणि तिच्या अलीकडे ओळीनं झाडं. मला ती झाडं आमच्या चाकांच्या उंचीला दिसली. मी नियम पाळायचा प्रयत्न केला, पण शरीराला सवय असते.

"अरे झाड! झाड, झाड, झाड!"

"गप्प बस, सुवर्णा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यावर तो कधी ओरडला नव्हता. माझी आई त्याला देवमाणूस म्हणायची ती यावरच. झाडं पुष्कळ खालून गेली. मग आम्ही गवतावर आदळलो, उडालो, परत आदळलो, परत उडालो आणि एकदाचे जमिनीला लागलो.

पट्टीच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारेकोतारे बसले होते. प्रत्येकाच्या हातात आकड्यांच्या पाट्या. येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या लँडिंगला हे लोक मार्क देतात, हा त्यांचा रिवाजच आहे. आम्हाला दहापैकी दोन, तीन, दोन आणि एका आजींनी चार दिले. आजींना मोतीबिंदू असणार.

पॅनकेकच्या रांगेत एक मुलगी माझ्यापाशी आली. केस वर बांधलेले, टी-शर्टवर युनिव्हर्सिटीचं नाव. "नमस्कार काकू. तुम्ही सुवर्णा ना?"

"हो. तू कसं ओळखलंस?"

"स्पीकरवर ऐकलं." तिनं खांबावरच्या भोंग्याकडे बोट केलं. पायलट रेडिओवर जे बोलतात ते मेळाव्यातल्या लोकांना ऐकवायची तिथं सोय होती. आणि रेडिओचं बटण असतं पायलटच्या अंगठ्याखाली. घाबरल्यावर अंगठा आवळला की झालं.

"म्हणजे सगळ्यांनी ऐकलं?"

"शब्द फक्त मला कळले, काकू. टोन सगळ्यांना कळला."

तिचं नाव रुपाली. नांदेडची, स्टेट कॉलेज नावाच्या गावात विमानाच्याच विषयात पीएचडी करणारी. लॅबमधल्या मित्राच्या गाडीतून फुकट पॅनकेक खायला आली होती. मी डबा उघडला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे मला तसं वाटलं. नंतर कळलं की सांबारवडी तिखट होती.

तिथंच मी अबोला धरला. आरडाओरडा कुणालाही येतो, अबोल्याला बैठक लागते. इथल्या अमेरिकन बायका नवऱ्यावर रागावल्या की काउन्सेलरकडे जाऊन तासभर बोलतात. मला तो उपाय म्हणजे उपास मोडून जिलबी खाण्यासारखा वाटतो.

अरुण दोन प्लेट घेऊन आला. चेहरा पडलेला. "सुवर्णा, ऐक ना, सॉरी. टेन्शनमध्ये निघून गेलं."

"रुपाली," मी म्हटलं, "यांना सांग, सिरप तिकडे आहे."

रुपालीनं एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. घरी आईवडील असलेली मुलगी, तिला काही समजवावं लागलं नाही. "काका, सिरप तिकडे आहे."

"तिला विचार, ती माझ्याशी बोलणार आहे का?"

"काकू, काका विचारतायत की—"

"यांना सांग, मला गप्प बसायला सांगितलंय."

असं दुपारपर्यंत चाललं. मुलीनं निरोप्याचं काम चोख केलं आणि मोबदल्यात डबा संपवला. अरुण आम्हाला विमानं दाखवत फिरला. दोन पंखी, एक पंखी, कुणी गॅरेजमध्ये स्वतः बांधलेली, कुणी आजोबांकडून आलेली. एका पिवळ्या कापडी विमानापाशी तो बराच वेळ रेंगाळला. ते वॉल्ट नावाच्या एका म्हाताऱ्याचं होतं. विमान म्हाताऱ्याहून जुनं. त्यात बॅटरी नाही, दिवे नाहीत, रेडिओ नाही. "रेडिओ कशाला?" वॉल्ट म्हणाला. "मला तसंही ऐकू येत नाही." या विनोदावर सगळे पायलट खो खो हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण ते सांगणार कुणाला, मी अरुणशी बोलत नव्हते.

दुपारी पिठाची स्पर्धा होती. मोठी माणसं, नातवंडंवाली, विमानात बसून वरून कागदी पिशवीतलं पीठ खाली फेकतात. नेम कशावर? गवतात मधोमध मांडलेल्या एका जुन्या कमोडवर. या देशानं चंद्रावर माणूस पाठवला. पायलटनं विमान चालवायचं, शेजारच्यानं खिडकीतून पिशवी टाकायची.

अरुणनं रुपालीमार्फत विचारलं, मी येईन का. मी हो म्हटलं. मला कशावर तरी काहीतरी फेकून मारायचंच होतं.

पिशवी हातात घेतली तर आत मैदा. ज्वारीचं असतं तर जीव तुटला असता. आम्ही उडालो, वळलो, पट्टीवर अगदी कमी उंचीवरून आलो. अरुण म्हणाला, "मी 'टाक' म्हणेन तेव्हा टाक." म्हणजे त्याच्या हुकमावर. मी त्याचं 'टाक' येण्याआधीच टाकली. पिशवी कमोड सोडून शंभर पावलं अलीकडे, ओळीत उभ्या असलेल्या फिरत्या संडासांच्या छपरावर जाऊन फुटली. एक दार उघडलं आणि पांढऱ्याफेक ढगातून एक माणूस पॅन्ट धरून बाहेर आला. घडीच्या खुर्च्यांतले लोक उठून उभे राहिले. अरुण हसायला लागला. मलाही हसू फुटत होतं, ते मी खिडकीबाहेर तोंड करून गिळलं. हसलं की अबोला मोडतो.

म्हणून मी उजवीकडे बघत होते.

आम्ही वळसा घालून उतरायला आलो. अरुणनं रेडिओवर सांगितलं, आम्ही उतरतोय. पट्टी समोर आली, ती झाडं आली. आणि उजव्या बाजूला, शेताच्या कडेवर, आमच्याहून खाली, मला वॉल्टचं पिवळं विमान दिसलं. तेही पट्टीकडेच येत होतं, तिरकं. आम्ही खाली जात होतो आणि ते आमच्या पोटाखाली सरकत होतं.

अरुणच्या जागेवरून ते दिसणं शक्य नव्हतं. तो डावीकडे बसलेला, मध्ये मी आणि माझं दार. वॉल्टला आम्ही दिसणं शक्य नव्हतं, त्याचा पंख त्याच्याच डोक्यावर. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या सगळ्या आकाशात ही दोन विमानं एकत्र पाहणारी मी एकटी.

आणि मी बोलले नाही.

विसरले नाही, घाबरूनही नाही. मी ते पिवळं विमान पाहिलं आणि माझ्या मनात आलं, गप्प बस म्हणालास ना? बसते गप्प. बघू आता माझ्या तोंडाशिवाय कसं चालतं तुझं. हे मी अगदी शांतपणे, मुद्देसूद मनात म्हटलं. ते विमान मोठं होत होतं. त्याच्या पंखावरचे आकडे वाचता यायला लागले. बाजूच्या खिडकीतून वॉल्टची टोपी दिसली. टोपीतून बाहेर आलेले पांढरे केस दिसले, आणि तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

"अरे वर घे! पिवळं येऊन राहिलं ना खाली! आपल्या खाली! वर घे, अरुण, वर!"

त्यानं काय, कुठे, काही विचारलं नाही. हाताखालचा दांडा पुढे रेटला, इंजिन बोंबललं, नाक वर गेलं आणि माझं पोट खाली राहिलं. पिवळं विमान माझ्या खिडकीखालून सरकत गेलं आणि गवतावर अलगद टेकलं. वॉल्टला काही पत्ताच नव्हता. त्याला पाट्यांवर दहापैकी नऊ मिळाले असते, पण पाट्या कुणी उचलल्या नाहीत.

आम्ही परत वळसा घालून उतरलो. या वेळी विमान एकदाही उडालं नाही. गवतावर इतकं हळू टेकलं की मला कळलंच नाही.

सगळे धावत आले. अरुण खाली उतरला आणि ज्याला त्याला सांगत सुटला, "माय वाइफ सॉ हिम. शी सेव्ह्ड अस." घडीच्या खुर्च्यांतल्या आजींनी मला मिठी मारली. वॉल्ट आला, टोपी काढली, माझे दोन्ही हात धरून काहीबाही बोलला आणि रडला. मेळाव्याच्या प्रमुख बाईंनी मला पॅनकेक उलटायचा सोनेरी रंग दिलेलं उलथनं दिलं, ते त्यांचं बक्षीस होतं. मी ते घेऊन उभी राहिले. नागपूरहून इतक्या लांब येऊन भर मेळाव्यात सत्कार झाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अरुण कुठे दिसेना. बघितलं तर आमच्या विमानाच्या पंखाखाली गवतावर बसला होता. रुपाली शेजारी उभी राहून त्याला समजावत होती. "काका, तुमच्या सीटवरून ते दिसूच शकत नाही. जॉमेट्री आहे ती."

तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. मी आल्यावर वर न बघता म्हणाला, "सुवर्णा, विकतो मी. तू म्हणायची वाट नको बघू. इतकं जवळ आलं आणि मला पत्ता नाही. वय झालं माझं. माझी लायकी नाही ही." मग गवताची काडी मोडत, "घरी कसं जायचं ते तू सांग. रुपालीच्या मित्राबरोबर स्टेट कॉलेजला जाऊ, तिथून बस असेल. विमान ते तिघं येऊन नेतील. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. मला हवं होतं ते सगळं माझ्या पदरात पडलं होतं. विमान जाणार, शनिवार मोकळे, वर मी वीरांगना. तोंड मिटून उभी राहिले असते तरी पुरलं असतं. पण गवतावर बसलेला तो माणूस मला ओळखीचा होता. वकिलाच्या ऑफिसबाहेर असाच बसायचा. त्याच्याबरोबर मी खूप वर्षं काढली आणि मला त्याची दया यायची, रागही यायचा. सकाळी रेडिओवर बोलणारा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला होता आणि दुपारपर्यंत मीच त्याला संपवत आणला होता. मला रडू यायला लागलं.

"रुपाली, तू जरा तिकडे जा," मी म्हटलं. ती गेली नाही, दोन पावलं सरकली.

"अरुण, मला ते आधीच दिसलं होतं."

अबोला धरल्यापासूनचं हे माझं त्याच्याशी पहिलं सरळ बोलणं. ओरडणं सोडून.

"म्हणजे?"

"म्हणजे लांब होतं तेव्हाच. शेताच्या कडेला. तेव्हा बोलले असते तर तू आरामात बाजूला झाला असतास. मी बघत बसले."

"का?"

"तू गप्प बस म्हणालास म्हणून. म्हटलं, बसते. बघू कसं जमतं ते. रागात, अरुण. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या उजवीकडे डोळे होते, ते फुगून बसले होते."

तो ताडकन उठला आणि पंखाच्या कडेवर डोकं आपटलं. खण्णकन आवाज आला. डोकं धरूनच तो ओरडायला लागला.

"मूर्ख बाई! अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? मेलो असतो दोघं! तो म्हातारा मेला असता! देवला कोण सांगणार होतं, की तुझी आई रुसली होती म्हणून? रुसायची जागा आहे ही?"

घडीच्या खुर्च्या सगळ्या आमच्याकडे वळल्या. एका आजींनी नकळत पाटी उचलली, ती शेजारणीनं खाली करायला लावली. रुपाली आभाळाकडे बघत होती. मी उलथनं हातात धरून ऐकून घेतलं, सगळं, एक शब्द न बोलता, आणि खरं सांगते, मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आवाज ठणठणीत होता. त्यात कुठेही सॉरी नव्हतं.

ओरडून दमल्यावर तो धापा टाकत उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी नीट उडवत होतो?"

"नीट उडवत होतास. वर घे म्हटल्यावर घेतलंस, का म्हणून विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर गेलो होतो. सकाळचं लँडिंग तेवढं भिकार होतं."

"ते भिकारच होतं," तो म्हणाला.

"मला घरी ने."

"यात?"

"मग काय बसनं? मला बस लागते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तू तिथं गवतावर 'तू म्हणशील तसं' म्हणत बसलास, त्याची जास्त वाटली."

तो कपाळावरचं टेंगूळ चोळत विमानाभोवती फिरायला लागला. चाकं बघितली, पंख हलवून बघितले, नळीत पेट्रोल काढून उजेडात धरलं. मग ती नळी माझ्यासमोर केली. मीही डोळे बारीक करून बघितलं. सॅम्पल स्वच्छ होतं. रुपालीला मी मिठी मारली आणि घरी ये म्हटलं, बाकीचे डबे गाडीत आहेत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "येईन काकू. पण निरोप दोघांनी आपापले द्यायचे."

पट्टे बांधून झाल्यावर त्यानं इंजिन सुरू करायच्या आधी विचारलं, "परत असं काही दिसलं तर?"

"बोंबलेन."

"आणि मी गप्प बस म्हटलं तर?"

"तरी बोंबलेन. अबोला घरी गेल्यावर धरीन."

"ठरलं," तो म्हणाला.

वाटेत मी त्याला एक गिधाड, दोन ढग आणि फार लांबचं एक विमान दाखवलं. प्रत्येक वेळी त्यानं "दिसलं, थँक यू" म्हटलं, त्या गोऱ्या माणसाशी बोलतो त्याच आवाजात. विक, हा शब्द तोंडात येऊन बसला होता, अगदी डेलावेअर ओलांडेपर्यंत. मी तो बाहेर काढला नाही. त्यानंही विचारलं नाही.

घरी पोचल्यावर मात्र मी अबोला धरला. मूर्ख बाई म्हणाला होता मला, तेही पेनसिल्व्हेनियातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांसमोर.